फोरमन आणि पॅसेजमधला दिवा

फोरमन निवृत्त झाले त्याला सहा वर्षं होऊन गेली होती, पण ही बातमी खुद्द फोरमनपर्यंत अजून पोचली नव्हती. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकोणीस फोरमन म्हणून. मशीन सुटलं, भोंगा सुटला, बिल्ला जमा झाला. नाव मात्र अंगाला चिकटून राहिलं. मुलगा आणि सून तोंडावर 'बाबा' म्हणत आणि माघारी 'फोरमन'. दहा वर्षांच्या नातीला असली भीडभाड नव्हती. ती सरळ 'फोरमन आजोबा' म्हणायची, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

कारखाना हातातून गेल्यावर त्यांनी घर हातात घेतलं. पहिल्या मजल्यावरचं घर, झोपायच्या तीन लहान खोल्या, हॉल, स्वयंपाकघर आणि त्या सगळ्यांना जोडणारा एक लांबट पॅसेज. कुठे नळ गळला, बिजागरी कुरकुरली, कपाटाचं दार लोंबायला लागलं, की फोरमनचा चेहरा खुलायचा. पायजम्याच्या दोरीत पक्कड खोचून ते कामाला लागायचे आणि दहा मिनिटांच्या कामाला दीड तास लावून विजयी मुद्रेने बाहेर यायचे. बायको असती तर म्हणाली असती, यांना घर बिघडलेलंच बरं वाटतं. ती गेल्यापासून हे म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून कधीकधी ते स्वतःच म्हणायचे आणि एकटेच हसायचे.

दुपारी घरात ते एकटेच असत. मुलगा नकाशे काढणाऱ्या कचेरीत, सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायला, नात शाळेत आणि तिथून पोहायला. चार वाजले की फोरमन फिरायला निघत. निघण्याचा त्यांचा एक ठरलेला क्रम होता: गॅस बंद, नळ बंद, दारामागच्या पेटीतला मेन स्विच खाली, कुलूप, आणि कुलूप दोनदा ओढून पाहणं. पुठ्ठ्याच्या कारखान्यात एक ठिणगी पडली की खेळ खल्लास. म्हणून तिथे सगळ्यांच्या शेवटी फोरमन निघायचे आणि जाताना मेन ओढायचे. कारखाना सुटला तरी हाताची सवय सुटली नाही. सहाला परत आले की मेन वर, चपला काढल्या, चहा. यात त्यांना सांगण्यासारखं काही वाटत नसे, म्हणून त्यांनी ते कधी कोणाला सांगितलंही नव्हतं. स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं घड्याळ तेवढं रोज लुकलुकताना दिसे, ते ते नियमाने लावून ठेवत. घड्याळ हलक्या प्रतीचं आहे असं त्यांचं मत होतं.

दीड वर्षापूर्वी मुलाने हौसेने घरभर पीओपीचं छत करून घेतलं आणि त्यात चपटे, गोल एलईडी दिवे बसवले. दुकानदार म्हणाला, पंधरा वर्षं वर बघायला नको. पण सातव्या महिन्यातच सगळ्यांना वर बघावं लागलं, कारण पॅसेजमधला दिवा गेला. मग स्वयंपाकघरातला. मग हॉलमधला. नवा लावला की तीन-चार महिन्यांत तोही मान टाकायचा. अकरा महिन्यांत आठ दिवे गेले आणि घरातल्या माणसांना पॅसेजमधून भिंत चाचपत चालायची सवय झाली.

एका रविवारी जेवताना मुलाने विषय काढला. आवाज मऊ होता, म्हणजे काहीतरी ठरवून आला होता.

"बाबा, एक कंपनी आहे. वर्षाचा करार करतात. नळ, वायरिंग, दारं, सगळं बघतात. फोन केला की माणूस हजर."

"माणूस घरात हजरच आहे की," फोरमन म्हणाले.

"तुम्ही आता आराम करा ना. शिडीवर चढता, आमचा जीव वर-खाली होतो. आणि दिव्यांचं काही जमत नाहीये, हे तुम्हालाही दिसतंय."

फोरमननी पुढ्यातला घास तसाच ठेवला. आराम म्हणजे काय असतं ते त्यांनी बागेतल्या बाकांवर पाहिलं होतं. तिथे त्यांच्या वयाची माणसं ओळीने बसलेली असत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत असत. घरात आपलं म्हणावं असं हे एकच काम त्यांना उरलं होतं. तेही फोनवरून येणारा कोणी माणूस घेऊन गेला, तर सकाळी उठून पायजम्यात पक्कड खोचायची कशासाठी, हे त्यांना कळेना.

"आठ दिवस दे," ते म्हणाले. "आठ दिवसांत दोष काढतो. नाही निघाला तर कर सही."

मुलाने सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाई म्हणाल्या, "द्या ना. आठ दिवसांनी काय बिघडतंय?" मग ठरलं. पुढच्या रविवारी सकाळी दहाला कंपनीचा वायरमन येणार. तोवर करारपत्र फ्रिजवर चुंबकाखाली. फोरमन पाणी प्यायला गेले की तो कागद डोळ्यांसमोर येई, म्हणून त्या आठवड्यात ते पाणीही कमीच प्यायले.

सोमवारी तपास सुरू झाला. फोरमननी नातीची एक कोरी वही ताब्यात घेतली आणि पट्टीने रकाने आखले: तारीख, जागा, कोणता दिवा, गेल्याचं कधी कळलं. गेलेले आठही दिवे त्यांनी फेकून न देता पलंगाखाली ठेवले होते. ते काढून त्यांनी एकेक उघडला. एलईडी दिवा हा जुन्या बल्बसारखा साधा जीव नव्हे. त्याच्या पाठीशी काडेपेटीएवढी एक डबी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. तारेतून येणारी वीज ती दिव्याला झेपेल अशी करून देते. आठही दिवे धडधाकट होते आणि आठही डब्या करपलेल्या होत्या.

"खून झालाय," त्यांनी नातीला सांगितलं. "आत्महत्या नाही."

"कोणी केला?" नातीने विचारलं.

"तेच बघायचंय."

पहिला संशय कंपनीवर होता. पण दिवे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते आणि तिन्ही कंपन्यांनी एकाच घराशी वैर धरावं असं काही कारण नव्हतं. दुसरा संशय उष्णतेवर. छताच्या वरच्या पोकळीत डबी भाजून निघत असेल असं वाटून मंगळवारी फोरमन शिडीवर चढले आणि दिव्याच्या भोकातून आत थर्मामीटर ठेवून आले. संध्याकाळी नात शिंकायला लागली, सूनबाईंनी थर्मामीटर शोधला, तो छतात निघाला. छताला ताप नव्हता, नातीलाही नव्हता. सूनबाईंच्या कपाळावर मात्र आठी होती.

"बाबा, तो तोंडात धरायचा असतो," त्या म्हणाल्या.

"धुऊन देतो," फोरमन म्हणाले आणि त्यांनी वहीत उष्णतेवर काट मारली.

तिसरा संशय विजेच्या दाबावर. जुन्या कारखान्यातल्या एका सोबत्याकडून त्यांनी मीटर मागून आणला आणि बुधवारी सकाळपासून दर तासाला दाब मोजून लिहिला. आठ वाजता ठीक, नऊ वाजता ठीक, असं करत तीनपर्यंत ठीक. चार ते सहा फिरायला जायचं असे, तेव्हा तेवढे आकडे नाहीत. सहानंतर पुन्हा ठीक. वरच्या मजल्यावर ओल आहे का, म्हणून ते वर जाऊन त्या बिऱ्हाडाची मोरी बघून आले. त्या बाईंनी चहा दिला, ओल काही मिळाली नाही.

बुधवारी रात्रीचं जेवण होईपर्यंत फोरमनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वही भरली होती आणि हाती काही नव्हतं. एक गोष्ट मात्र खटकत होती. झोपायच्या खोल्यांमध्येही तेच दिवे, त्याच दिवशी बसवलेले. त्यातला एकही गेला नव्हता. जात होते ते हॉल, पॅसेज आणि स्वयंपाकघरातले. समोरच्या इमारतीने उजेड अडवला होता, म्हणून हे तीन दिवे दिवसभर चालूच असत. जास्त जळतात म्हणून लवकर जातात, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. पण तेवढ्याने डबी का करपावी, याला उत्तर नव्हतं. आणखी एक होतं. शेवटच्या रकान्यात आठही वेळा एकच नोंद होती, संध्याकाळी सहा ते सात. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग त्यांनी कारखान्यातला जुना उपाय काढला. मशीन कधी बिघडतं ते कळत नसेल तर मशीनसमोर खुर्ची टाकून बसायचं. गुरुवारी चार वाजता ते फिरायला गेले नाहीत. पॅसेजमध्ये खुर्ची टाकली आणि मान वर करून दिव्याखाली बसले. साडेसहाला सूनबाई नातीला घेऊन आल्या, तेव्हाही ते तसेच बसलेले होते.

"काय झालं?" सूनबाईंनी घाबरून विचारलं.

"काहीच झालं नाही," फोरमन खिन्नपणे म्हणाले. "तोच तर घोटाळा आहे."

शुक्रवारीही बसले. दिवा ढणढण चालू होता, जणू त्याला पंधरा वर्षं खरोखरच काढायची होती. शनिवारी मान अशी धरली की भाताचं शित उचलायला वाकवेना. सूनबाई सकाळी म्हणाल्या, "आज तरी फिरून या, बाबा. मान मोकळी होईल." चारला फोरमननी कंटाळून चपला घातल्या. गॅस, नळ, मेन, कुलूप. बागेला दोन फेऱ्या मारल्या, बाकांकडे न बघता.

सहाला ते परत आले. दार उघडलं, नेहमीसारखा हात पेटीत गेला आणि मेन वर सरकवला, फक्त नजर चपलांऐवजी, दोन दिवसांच्या सवयीने, वर दिव्याकडे होती. आतून चटकन आवाज आला, निळी ठिणगी दिसली. फ्रिज कण्हला, पाण्याचं फिल्टर घरघरलं, एसीने चिवचिवाट केला, आणि डोक्यावरचा पॅसेजमधला दिवा भक्कन पेटला, दोनदा मिचकला आणि गेला.

फोरमनचा हात मेनवरच राहिला.

मग घरातलं एकेक बंद करून, खाली मीटरच्या खोलीत जाऊन त्यांनी घराची वीज तोडली, वर येऊन टॉर्चच्या उजेडात पेटी उघडली. मेन स्विचच्या आतली पितळी टोकं काळी पडली होती, त्यांना खड्डे पडले होते, आणि जळक्या रबराचा वास येत होता. सहा वर्षं, रोज दोनदा, सगळं घर चालू असताना हा स्विच त्यांनी खाली-वर केला होता. खाली करताना आत ठिणगी, वर करताना ठिणगी. आणि फ्रिज, फिल्टर, एसी, सगळे एकदम वीज ओढायला धावले की त्या धक्क्यात दिव्यांच्या नाजूक डब्या करपत होत्या. दुपारी चालू असणारे तेवढेच दिवे मरत होते. खुनी रोज सहाला चावीने दार उघडून आत येत होता आणि चहा पीत होता.

याहून लागलं ते वेगळंच. भार असताना मेनला हात लावायचा नाही, हा नियम त्यांना माहीत नव्हता का? तो तर त्यांनीच कारखान्याच्या भिंतीवर रंगवून घेतला होता. आधी एकेक मशीन बंद, मग मेन. सुरू करताना आधी मेन, मग एकेक मशीन. हा क्रम चुकला म्हणून त्यांनी भल्याभल्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं. आणि घरी? घरी काय, चार दिवे आणि एक फ्रिज, असं ते धरून चालले होते. कारखान्याला जेवढा मान दिला तेवढा त्यांनी घराला दिलाच नव्हता. हे कळल्यावर त्यांना स्वतःचा असा राग आला की हातातली पक्कड त्यांनी खुर्चीवर आपटली.

साडेसहाला मंडळी येणार होती. फोरमननी पेटी पुन्हा बंद केली, पॅसेजमध्ये नवा दिवा लावला, वीज आणली, घड्याळ लावलं. जिन्यावर पावलं वाजेपर्यंत काय सांगायचं ते त्यांचं ठरलं नव्हतं. पण मुलाने आत येताच चप्पल काढता काढता विचारलं, "काय बाबा, उद्या दहाला वायरमन येऊ दे ना?" आणि फोरमनच्या तोंडून निघून गेलं, "कशाला? सापडलं. छतातली न्यूट्रलची तार ढिली होती. आवळली."

मुलाने फ्रिजवरचा कागद काढला आणि त्याचे चार तुकडे केले. "मानलं तुम्हाला," तो म्हणाला, आणि कंपनीला फोन करून वायरमनला येऊ नका म्हणून सांगितलं. नातीने मैत्रिणीला फोन लावून आजोबांनी खुनी पकडल्याचं कळवलं. सूनबाईंनी त्यांच्या ताटात एक पोळी जास्त वाढली. फोरमनना ती गिळवेना. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि मिळालेल्यातलं एकही खरं नव्हतं.

रविवारी सकाळी मुलगा म्हणाला, "चला, आज बाहेर जेवायचं. फोरमनची पार्टी." सगळे तयार झाले. मुलाने गाडीची चावी घेतली, नात दारात उड्या मारत होती, सूनबाई स्टुलावर बसून चपलेचा पट्टा लावत होत्या. आत फ्रिज चालू होता, एसी चालू होता, दिवे चालू होते. फोरमन दाराशी आले आणि त्यांचा हात पेटीकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला. भार असताना मेन आता ओढायचा नाही, आणि न ओढता त्या काळ्या पडलेल्या टोकांवर घर सोडून जायचं तर आज, उद्या, कधीतरी तिथे आग लागणार. आधी एकेक वस्तू बंद करून मेन ओढला, तरी परत आल्यावर घर त्याच टोकांवर चालणार होतं. चौतीस वर्षांत पुठ्ठ्याच्या कारखान्यात त्यांनी आग लागू दिली नव्हती.

"मी येत नाही," ते म्हणाले. "तुम्हीही जाऊ नका. वायरमनला बोलवा."

"आता कशाला?" मुलगा म्हणाला. "तुम्ही आवळली ना न्यूट्रल?"

"न्यूट्रलला काही झालं नव्हतं. मी खोटं बोललो."

मग दारातच, अंगात बाहेरचे कपडे, पायात चपला, त्यांनी सगळं सांगितलं. रोज मेन ओढतो ते, सहाला वर करतो ते, काल दिवा डोळ्यांदेखत गेला ते, पेटीतला वास. काही लपवलं नाही. नियम कोणी रंगवून घेतला होता तेही सांगितलं. त्यांचं सांगून झालं तेव्हा सूनबाई उठल्या आणि त्यांना स्टुलावर बसवलं.

मुलाने पेटी उघडली, आत टॉर्च मारला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने एसी बंद केला, फ्रिज बंद केला, दिवे बंद केले, आणि पॅसेजमध्ये येऊन वडिलांकडे पाहत उभा राहिला.

"मग आता तो करार करायचा?" नातीने विचारलं.

फोरमन खाली मान घालून बसले होते. करतील, त्यांना वाटलं, आणि केला तर बरोबरच आहे.

सूनबाईंनी हातातली पर्स खाली ठेवली. दुकानात लोकांना 'हे अक्षर दिसतंय का' विचारतात त्याच शांत आवाजात त्यांनी विचारलं, "बाबा, तुमच्या कारखान्यात कोणी भार असताना मेन ओढला, तर तुम्ही काय करायचात?"

"झापायचो."

"ते झालं. त्यानंतर? कामावरून काढायचात?"

फोरमननी आठवून पाहिलं. "नाही. पहिल्या चुकीला मी कोणालाच काढलं नाही. चूक स्वतःहून येऊन सांगितली असेल तर दुसरीलाही नाही. फक्त समज द्यायचो."

"लेखी?"

"पहिली तोंडीच."

सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"मग तुम्हाला समज देतोय आम्ही," त्या म्हणाल्या. "वायरमन स्विच बदलेल तेव्हा त्याच्याशेजारी उभं राहायचं, आणि नंतर आम्हा तिघांना सगळा क्रम शिकवायचा. आधी काय बंद, मग काय. कळलं?"

नातीला हसू फुटणार होतं, पण आजोबांचा चेहरा पाहून तिने ते दाबलं. फोरमन स्टुलावरून उठले. मानेत कळ आली तरी त्यांनी ती ताठ केली. एकोणीस वर्षं कामगार त्यांच्यासमोर उभे राहायचे तसे ते हात सरळ खाली सोडून उभे राहिले.

"कळलं," ते म्हणाले. "पुन्हा होणार नाही, मॅडम."